मॅरेथॉन ते अथेन्स : मूळ रस्त्यावर धावायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : "सपाट रस्त्यावरच्या तीन मॅरेथॉन झाल्या आहेत, सर्वोत्तम वेळ ४ तास १० मिनिटे. येत्या नोव्हेंबरात अथेन्सची मूळ मॅरेथॉन धावायला जायचं ठरवलं आहे. परदेशात पहिल्यांदाच धावणार. पत्नी सोबत येते आहे, ती धावत नाही. हाताशी सात दिवस आहेत. सराव कसा करावा, शहर कधी बघावं, आणि चार तासांच्या आत येणं जमेल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. चार तासांचा विचार आजच सोडून द्या. तुमची कुवत कमी आहे म्हणून नव्हे. वेळ कमी करायला जगात शेकडो सपाट रस्ते आहेत, ते कुठेही मिळतील. मॅरेथॉन गावातून अथेन्समध्ये येणारा रस्ता मात्र एकच आहे, आणि तो चढणीचा आहे. रोममध्ये किंवा इस्तंबूलमध्ये इमारती ऐतिहासिक असतात आणि मॅरेथॉन त्यांच्यामधून जाते. अथेन्समध्ये खुद्द रस्ताच ऐतिहासिक आहे. तो बघायचा असेल तर बत्तिसाव्या किलोमीटरला मान वर करण्याइतकी ताकद उरलेली हवी. घड्याळाकडे बघत धावणाऱ्याकडे ती उरत नाही. पहिल्या खेपेला माझ्याकडेही उरली नव्हती.

मी या रस्त्यावर चार वेळा धावले आहे आणि गेली बरीच वर्षं इतरांना मॅरेथॉनसाठी तयार करते. पहिल्या वेळी सपाटीवरचा पेस, म्हणजे किलोमीटरमागे लागणारा वेळ, डोक्यात ठेवून निघाले. एकविसाव्या किलोमीटरपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. वाटेतल्या पालिनी गावच्या चढावर मांड्या दगडासारख्या झाल्या, आणि पुढचे चार किलोमीटर मी चालत गेले. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी बाई ऑलिव्हची डहाळी पुढे करून उभी होती. ती घ्यायला हात वर करायचंसुद्धा त्राण नव्हतं. वेळ हुकल्याचं दुःख लवकर विसरले, ती डहाळी घेता आली नाही हे अजून सलतं. म्हणून हे सगळं इतकं पोटतिडकीने लिहिते आहे.

आधी रस्ता समजून घ्या. सुरुवात मॅरेथॉन गावात. ग्रीक भाषेत 'मॅराथॉन' म्हणजे बडीशेप. या मैदानात ती माजलेली असायची, त्यावरून गावाला नाव पडलं आणि गावावरून शर्यतीला. पहिले काही किलोमीटर सपाट आहेत. पाचव्या किलोमीटरच्या आसपास रस्ता मुख्य मार्ग सोडून एक वळसा घेतो आणि एका टेकाडाला प्रदक्षिणा घातल्यासारखा परत येतो. ते टेकाड म्हणजे इ. स. पू. ४९० मध्ये इराणी फौजेशी झालेल्या लढाईत पडलेल्या अथेन्सच्या सैनिकांची समाधी. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने त्यांचा आकडा १९२ दिला आहे. इथे बरेच धावपटू आपोआप गप्प होतात.

पुढे नेआ माक्री हे समुद्राकाठचं गाव, तिथपर्यंत पाय हलके असतात. दहाव्या किलोमीटरनंतर चढ-उतार सुरू होतात. वाटेत माती नावाची वस्ती लागते. नाव आपल्या मातीसारखं ऐकू येतं, पण ग्रीकमध्ये त्याचा अर्थ डोळा. जुलै २०१८ च्या वणव्यात इथे शंभराहून अधिक माणसं गेली. माहीत असेल तर तिथून जाताना नजर वेगळी राहते. मग राफिना, आणि साधारण अर्ध्या अंतरावर पिकेर्मी. राफिनापासून जो चढ सुरू होतो तो मोठा सपाट तुकडा असा देतच नाही. पिकेर्मी, पालिनी, गेराकास करत तो एकतीस-बत्तीस किलोमीटरपर्यंत नेतो, आणि तिथे समुद्रसपाटीपासून सुमारे २४० मीटर उंची गाठलेली असते.

आकड्यात हा चढ फार वाटत नाही. सरासरी काढली तर दीड टक्क्याच्या आसपास येते. डोळ्यांनाही तो पुष्कळदा दिसत नाही. समोर रुंद हमरस्ता, दुकानं, पेट्रोल पंप, आणि रस्ता जवळपास सपाट वाटतो. पण पेस किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंदांनी घसरलेला असतो आणि कारण कळत नाही. मग माणूस घाबरतो, जोर लावतो. तिथेच शर्यत हातातून जाते.

एकतीस-बत्तीसनंतर आगिया पारास्केवीवरून मेसोगिऑन नावाच्या मोठ्या रस्त्याने शहराकडे उतार लागतो. मधे एखाददुसरा भुयारी रस्ता आणि छोटे चढ आहेत, पण एकंदरीत शेवटचे दहा किलोमीटर खाली जाणारे. ऐकायला सुख वाटतं. चढाने मांड्यांचे पुढचे स्नायू संपवलेले असतील तर हा उतार चढापेक्षा जास्त दुखतो.

तर सराव. सपाट रस्त्यावर तयारी केलेल्या माणसाला तीन गोष्टी नव्याने शिकायच्या आहेत : लांबलचक हलका चढ, थकलेल्या पायांनी चढ, आणि उतार. पहिल्या दोन्हींसाठी लाँग रनची, म्हणजे सरावातल्या लांब पल्ल्याच्या धावेची, रचनाच बदला. तीस किलोमीटरच्या लाँग रनमध्ये पहिले दहा सपाट, मधले बारा-तेरा चढाचे, शेवटचे सपाट किंवा उताराचे, असा मार्ग शोधा. जवळ तसा रस्ता नसेल तर बाहेर दहा किलोमीटर धावून या आणि लगेच ट्रेडमिलवर दीड ते दोन टक्के चढ ठेवून तासभर धावा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण अथेन्सचा चढही असाच आहे, एकसुरी आणि न संपणारा. छोट्या खड्या टेकडीवर वरखाली दहा फेऱ्या मारल्याने दम वाढतो, या रस्त्याची सवय होत नाही. शर्यतीच्या आधीच्या तीन महिन्यांत असे चार-पाच लाँग रन झाले तरी पुष्कळ झालं.

उताराचा सराव लोक विसरतातच. उतारावर स्नायू ताणले जात असतानाच काम करतात, आणि अशा कामाने त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दोन दिवसांनी जिना उतरताना जी कळ येते ती त्याचीच. चांगली गोष्ट अशी की स्नायू हे लवकर शिकतात. एकदा अशी मेहनत झाली की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराने कमी दुखतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून शर्यतीच्या सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून एकदा हलक्या उतारावर तीन-चार किलोमीटर नियंत्रणात धावा, पावलं छोटी आणि भरभर. शेवटचा उताराचा सराव शर्यतीच्या दोन आठवडे आधी संपवा.

पेसचं माझं गणित साधं आहे आणि आजवर माझ्या धावपटूंना उपयोगी पडलं आहे. सपाटीवरच्या ताज्या वेळेत पाच-सहा टक्के मिळवायचे. तुमच्या ४ तास १० मिनिटांचे इथे ४ तास २३ ते २५ मिनिटं धरा. पहिले दहा किलोमीटर या सरासरीच्याच पेसने जा, तुम्हाला अगदी हळू वाटलं तरी. दहा ते एकतीस घड्याळातला पेस बघूच नका. श्वासावर धावा. चार-पाच शब्दांचं वाक्य न तुटता बोलता येतंय का, एवढंच तपासा. येत नसेल तर वेग कमी करा, अगदी चालावं लागलं तरी. उरलेला हिशेब एकतीसनंतर मांडता येतो. २००४ च्या ऑलिंपिकमध्ये याच रस्त्यावर इटलीच्या स्टेफानो बाल्दिनीने सुवर्णपदक मिळवलं ते २ तास १० मिनिटं ५५ सेकंदांत, आणि आघाडी घेतली ती शेवटच्या टप्प्यात. जगातल्या उत्तम धावपटूंनाही इथे दम राखावा लागतो.

आता प्रवास. शर्यत नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारच्या सुमारास असते. तुमच्या सात दिवसांपैकी चार शर्यतीआधी, एक शर्यतीचा आणि दोन नंतर ठेवा, म्हणजे बुधवारी पोहोचा. घड्याळाच्या प्रत्येक तासाच्या फरकाला साधारण एक दिवस, असा शरीराचा ढोबळ हिशेब असतो. पश्चिमेकडे जाताना जुळवून घेणं सोपं जातं, पूर्वेकडे जड. पोहोचल्यावर पहिल्या दिवशी उन्हात तासभर चाला आणि तिथली रात्र होईपर्यंत झोपू नका. शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका, ती कुणालाच धड लागत नाही. गुरुवार आणि शुक्रवारची झोप खरी मोलाची.

शेंगेन व्हिसा लागत असेल तर प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. त्यासाठीच्या प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोंचं संरक्षण लागतं. पण विम्याचा कागद नीट वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसींमध्ये स्पर्धात्मक खेळात झालेली इजा वगळलेली असते. व्हिसा अधिकाऱ्याला तो कागद चालतो, पिकेर्मीत घोटा मोडला की चालत नाही. माझ्यासोबत आलेल्या एका धावपटूला हे तिथे जाऊन कळलं. क्ष-किरणापासून प्लास्टरपर्यंतचा सगळा खर्च त्याच्या खिशातून गेला. थोडे जास्त पैसे भरून मॅरेथॉनचा स्पष्ट उल्लेख असलेला विमा घ्या. आणखी एक : इटलीतल्या मॅरेथॉनसाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात हे ऐकून लोक ग्रीससाठीही धावपळ करतात. प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे, नोंदणीच्या वेळी त्या वर्षीच्या अटी वाचा आणि तेवढंच करा. प्रमाणपत्र मागोत न मागोत, चाळिशी ओलांडली असेल तर हृदयाची तपासणी स्वतःसाठी करून घ्या.

धावायचे बूट, चड्डी, बनियन, मोजे, घड्याळ आणि चार्जर हातातल्या बॅगेतच, काही झालं तरी. बाकी सामान हरवलं तर विकत मिळतं, पायात मुरलेले बूट मिळत नाहीत. धावताना ऊर्जेसाठी खायची जेल मात्र द्रव मानली जातात. बहुतेक विमानतळांवर हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठं पाकीट चालत नाही आणि सगळी मिळून एका छोट्या पारदर्शक पिशवीत मावावी लागतात. निम्मी जेल तिथे ठेवा, निम्मी मोठ्या बॅगेत. बूट नवे घेतले असतील तर त्यातून निदान ऐंशी-शंभर किलोमीटर झालेले असू द्या.

राहायला सिंटग्मा चौकाच्या आसपास जागा घ्या. विमानतळावरून मेट्रोची तिसरी, निळी मार्गिका थेट तिथे येते, तिकीट ९ युरो. शर्यतीच्या पहाटे सुरुवातीच्या जागी नेणाऱ्या बस शहराच्या मध्यभागातून सुटतात, आणि शेवट जिथे होतो ते पानाथेनाइक स्टेडियम तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. शर्यत संपल्यावर या पंधरा मिनिटांची किंमत कळते. पाचव्या मजल्यावरची खोली घेणार असाल तर लिफ्ट आहे का ते विचारा. जुन्या इमारतींत ती नसते किंवा बंद असते.

बिब, म्हणजे छातीवर लावायचा क्रमांक, गुरुवारीच घ्या. शनिवारी गर्दी असते, दोन-दोन तास उभं राहावं लागतं, आणि प्रदर्शनातल्या दुकानांमध्ये रेंगाळत पायांचं वाटोळं होतं. शनिवारचा दिवस पाय वर करून बसायचा.

आणि शहर? इथे मी कडक आहे. अक्रोपोलिस, म्हणजे प्राचीन देवळांची ती उंच टेकडी, शर्यतीनंतर. वर जाणाऱ्या वाटेवरचा संगमरवर अडीच हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाला आहे, कोरडा असतानाही घसरतो, पाऊस पडला तर विचारूच नका. शिवाय चढ, पायऱ्या आणि तीन तासांचं उभं राहणं. शुक्रवारी एवढं केलं की रविवारी ते पायातून वसूल होतं. शर्यतीआधी अक्रोपोलिस संग्रहालय बघा, तिथे बसायला जागा आहे आणि काचेतून टेकडीवरचं पार्थेनॉन देऊळ दिसतं. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय मोठं आहे, ते सोमवारनंतर. पत्नीला मात्र थांबवू नका, तिने खुशाल आधी वर जाऊन यावं. तिकीट आता ३० युरो आहे आणि ठरावीक वेळेसाठी मिळतं, आगाऊ काढून ठेवा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश मोफत असतो, त्यामुळे कधी आठवडाभर आधी पोहोचलात तर तिचे तेवढे वाचतील.

खाण्याचं सांगते. शर्यतीआधी नवं काही नको. तळलेली मासळी, ऑक्टोपस, भरपूर ऑलिव्ह तेलात घोळलेली वांगी, सगळं चविष्ट आहे आणि सगळं रविवार दुपारनंतरचं आहे. आधी भात, पास्ता, ब्रेड, बटाटे. शाकाहारी असाल तर 'निस्तिसिमो' हा शब्द पाठ करा. चर्चच्या उपवासांना चालणारं, म्हणजे मांस, अंडी, दूध नसलेलं जेवण. मात्र शिंपले, कोळंबी, ऑक्टोपस या उपवासांना चालतात, म्हणून तेही नको हे वेटरला वेगळं सांगा. सकाळी रस्त्यावर तीळ लावलेली गोल कुलुरी मिळते. ती पोटाला हलकी आहे, शनिवारी दोन घेऊन ठेवा, रविवारी पहाटे हॉटेलचा नाश्ता उघडलेला नसेल तर त्याच कामी येतात. अथेन्समध्ये नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे.

रविवारची पहाट. बस अंधारातच सुटतात. मला त्या प्रवासातलं एक कायम आठवतं : आमची बस एका जागी खूप वेळ उतरतच राहिली, कानात दडे बसल्यासारखं झालं, आणि मागच्या सीटवरचा एक पोर्तुगीज माणूस हळूच म्हणाला, "हे सगळं परत चढायचं आहे." बसमध्ये कुणीच हसलं नाही. पोहोचल्यावर दीड-दोन तास मोकळ्या मैदानात काढावे लागतात. नोव्हेंबरची पहाट बारा अंशांच्या आसपास असते आणि वारा सुटला तर दात वाजतात. टाकून द्यायला चालेल असा जुना स्वेटर आणि खाली अंथरायला काहीतरी घ्या. उजाडल्यावर मात्र ऊन चढतं, दुपारी वीस अंश आणि सावली फारशी नाही. टोपी किंवा चष्मा सोबत असू द्या, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि काखेत व्हॅसलीन लावा. शौचालयासमोरच्या रांगेत अर्धा तास जातो, पोहोचल्या पोहोचल्या उभे राहा. टिश्यू स्वतःचे न्या. ग्रीसमध्ये कागद संडासात न टाकता शेजारच्या डब्यात टाकतात, कारण तिथल्या सांडपाण्याच्या नळ्या अरुंद आहेत.

पाणी तहान लागेल तेवढंच. प्रत्येक ठिकाणी जबरदस्तीने पिऊ नका. चार-साडेचार तास धावणाऱ्यांना पाणी कमी पडण्याइतकाच जास्त होण्याचाही धोका असतो, रक्तातलं सोडियम खाली जातं आणि ते जिवावर बेतू शकतं. वेदनाशामक गोळी धावण्याआधी किंवा धावताना घेऊ नका, विशेषतः आयबुप्रोफेन. तहानलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते. मी धावले तेव्हा पाणी छोट्या बाटल्यांत मिळायचं. अर्धवट बाटल्या झाकणासकट रस्त्यावर लोळत असतात आणि त्यावर पाय पडून घोटा मुरगळतो. पाण्याच्या टेबलांपासून पुढचे पन्नास मीटर खाली बघूनच धावा.

धावताना डोक्यात ठेवायला थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की हे किलोमीटर वेगळे वाटतात. धावत येऊन "आपण जिंकलो" म्हणून प्राण सोडणाऱ्या दूताची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. हेरोडोटसने मात्र ती लिहिलेलीच नाही. त्याने लिहिलं आहे ते फिडिपिडीस नावाचा धावणारा दूत लढाईआधी मदत मागायला अथेन्सहून स्पार्टाला धावत गेला त्याबद्दल, म्हणजे सुमारे २४० किलोमीटर. मॅरेथॉनहून आलेल्या दूताची गोष्ट प्लुटार्क आणि लुशियन या नंतरच्या लेखकांच्या लिखाणात येते, लढाईनंतर पाच-सहाशे वर्षांनी, आणि त्या दोघांत दूताच्या नावावरही एकमत नाही. १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने अशी शर्यत सुचवली. १० एप्रिलला सतरा जण धावले. मारूसी गावचा स्पिरीडॉन लुइस २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत पहिला आला. तेव्हा अंतर सुमारे चाळीस किलोमीटर होतं. आजचा ४२.१९५ किलोमीटर हा आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकपासूनचा.

दुसऱ्या दिवशी, ११ एप्रिलला, स्तामाता रेविथी नावाची एक गरीब बाई याच रस्त्याने एकटी धावली. शर्यतीत तिला घेतलं नव्हतं. निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ तिने लोकांकडून कागदावर लिहून, सह्या करून घेतली. साडेपाच तासांच्या आसपास लागले. स्टेडियमच्या आत तिला जाता आलं नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन यायला १९८४ उजाडावं लागलं. मी दर वेळी शेवटच्या दोन किलोमीटरला तिची आठवण काढते. साडेपाच तास लागलेल्या माणसाला आज तिथे पदक मिळतं, टाळ्या मिळतात. तुम्हाला कितीही वेळ लागला तरी तुम्ही आत जाणार आहात.

पत्नीसाठी अथेन्सइतकी सोयीची मॅरेथॉन क्वचित असते, कारण मेट्रोची तीच निळी मार्गिका शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये तुमच्या रस्त्याला धरूनच जाते. तिने सिंटग्मावरून आगिया पारास्केवी स्थानक गाठावं. तिकीट १ युरो २० सेंट, दीड तास चालतं. वर आलं की मेसोगिऑन रस्ता. चढ नुकताच संपलेला असतो, आणि ओळखीचा चेहरा दिसण्याची खरी गरज तिथेच असते. कुठल्या बाजूला उभी राहणार ते आदल्या दिवशी ठरवा, रस्ता रुंद आहे आणि मधून ओलांडू देत नाहीत. तुम्ही पुढे गेलात की तिने मेट्रोने सिंटग्मावर परतायचं आणि राष्ट्रीय उद्यान व त्याला लागून असलेली झापिओन ही इमारत यांच्यामधून चालत स्टेडियममध्ये जायचं. तुम्हाला तास-सव्वा तास लागणार, तिला चाळीस मिनिटं पुरतात. बसायला जाड रुमाल न्यावा, संगमरवराच्या पायऱ्या गार असतात.

आणि ते स्टेडियम. वासिलिसिस सोफियास रस्त्यावरून इरोदू अत्तिकू गल्लीत वळलात की दोन्हीकडे झाडं, एका बाजूला उद्यान, एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचा वाडा, आणि खाली उतरणारा रस्ता. त्याच्या टोकाला अख्खं पेंटेली डोंगराच्या पांढऱ्या संगमरवराचं मैदान एकदम समोर येतं. हेरोडेस अत्तिकुस या धनिकाने दुसऱ्या शतकात ते संगमरवरात बांधलं, १८९६ साठी ते पुन्हा उभारलं. लोक त्याला कालिमार्मारो म्हणतात, देखण्या संगमरवराचं. गल्लीत वेग वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. दोन-तीन मिनिटांची गोष्ट आहे, डोळे उघडे ठेवून या.

पदक मिळालं की लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, कोरडे कपडे घाला, काहीतरी खारट खा. त्याच रात्रीचं विमान मुळीच नको. दमलेलं, पाणी कमी झालेलं शरीर घेऊन सहा-आठ तास एका जागी बसलं की पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. सोमवारी हळूहळू अक्रोपोलिस चढा, त्या वेगाने चढणारे तुमच्यासारखे पुष्कळ भेटतील.

शर्यतीनंतर एके दिवशी, समाधीची जागा उघडी आहे ना ते आधी बघून, मॅरेथॉन गावी परत जा, पत्नीला घेऊन. पेडिओन तू आरेओस बागेजवळून जिल्ह्याच्या केशरी बस सुटतात. शर्यतीत त्या समाधीच्या भोवतीने गेलात, पण थांबला नव्हतात. आता थांबा. टेकाड नऊ मीटरच्या आसपास उंच आहे, त्यावर गवत आहे, भोवती ऑलिव्हची झाडं आहेत, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी तिथे फार कुणी नसतं. परतीची बस त्याच रस्त्याने शहरात येते. पुढच्या खिडकीची जागा मिळाली तर घ्या. पिकेर्मी मागे पडतं, चालक गिअर उतरवतो, इंजिनाचा आवाज जड होतो. पालिनीची पाटी दिसली की पत्नीला सांगा, इथे होतो मी साडेअकराच्या सुमाराला.